रुईचं पान

पहाटे साडेचारला खाटेवरून पाय खाली सोडतो
आणि जमिनीला आधी विचारतो,
ठेवू का?
पहिलं पाऊल सगळ्यांत वाईट.
फुटक्या काचेवर ठेवल्यासारखं.
दुसरंही तसंच. बाथरूमपर्यंत बावीस आहेत.
रांगेत कुन्हीमोन पुढे असतो,
मागे न बघता
भिंतीकडची जागा मला देतो.

अकरा वर्षं उभा आहे मी
रूवीच्या या लाँड्रीत, एकाच फरशीवर.
माझ्या टाचांखाली तिची चकाकी गेलीय,
बाकीची अजून नवीन दिसते.
दिवसाला सत्तर डिशडाशा, बहुतेक पांढऱ्या.
गळ्याशी लोंबणारा तो छोटा गोंडा,
त्याच्या कडेनं इस्त्री अशी न्यायची
जशी झोपलेल्या लेकराच्या कानाशी गोधडी.

डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरला.
टाचेच्या हाडाला खालून चोच फुटलेली,
चिमणीच्या पिलाची असते एवढीच.
मी म्हटलं, कापून टाका.
त्या म्हणाल्या, चोच नाही हो दुखत,
दुखते ती तळव्यातली दोरी.
टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेली,
रोज ओढली जाते, रोज जराशी उसवते,
आणि हाड बिचारं
जिकडे ओढ, तिकडे वाढतं.

मग चिठ्ठीत गोळ्यांच्या खाली
त्यांनी लिहिलं : आराम.
किती, आणि जेवणाआधी की नंतर,
ते लिहायचं राहिलं.

साडेतीन रियालची सिलिकॉनची टाच घेतली.
उठण्याआधी टॉवेल पंजात अडकवून
स्वतःकडे ओढतो, तीस मोजतो.
वरच्या खाटेवरून दुर मोहम्मद विचारतो,
उंट सुटला काय रे?
रात्री बर्फाची बाटली तळव्याखाली लाटतो,
पोळी लाटावी तशी, मागेपुढे, मागेपुढे.
फ्रीजरमध्ये माझ्या नावाची चिठ्ठी तिच्यावर,
शेजारी कुणाच्या तरी सुरमईचं डोकं.

शालन फोनवर म्हणाली, रुईचं पान शेकून बांधा.
मी हसलो. म्हटलं, गावाचं नाव रूवी,
पण रुई कुठली इथं?

हमूदला सांगितलं सहज. नऊ वर्षं त्याचे कपडे माझ्याकडे.
शुक्रवारी गाडी घेऊन दारात.
कोरड्या वादीत, गोट्यांमध्ये,
पुरुषभर उंच, जांभळ्या टोकांची फुलं घेऊन
उभी होती ती. कुणी पाणी घातलेलं नाही.
अश्खर, तो म्हणाला,
आणि डोळ्याकडे बोट नेऊन, चिकाला जप.
मी सांगणार होतो त्याला,
आमच्याकडे शनिवारी मारुतीला याचीच माळ घालतात.
पण त्याला मारुती कसा सांगायचा?
समुद्र ओलांडून गेलेला,
पलीकडे उतरताना
टाचेला काही झालं असेल का त्याच्या,
हे मलाच आधी कधी सुचलं नव्हतं.

दुकान बंद झाल्यावर इस्त्री रेशमावर लावली,
फडक्याखाली पान ठेवून अलगद दाबलं.
हिरवा, कडवट वास.
बापाच्या कोळशाच्या इस्त्रीशेजारी
आई असंच पान धरायची त्याच्यासाठी.
तेव्हा वाटायचं,
म्हाताऱ्या माणसांना टाचा असतात.

बरं वाटलं? थोडं. की पानानं, की बसल्यानं,
सांगता येत नाही.
अरबाबनं स्टूल दिलं, पण बसून इस्त्रीला वजन येत नाही.
मग साबणाचा रिकामा डबा उपडा घातला,
एक पाय वर, एक खाली,
दर दहा डिशडाशांनी अदलाबदल.
दोरीला तेवढीच सूट.

काल शालननं विचारलं, दुखतं का अजून?
म्हटलं, छे, कधीच राहिलं.
थोडा वेळ नुसतं फोनचं खरखरणं.
मग ती म्हणाली,
आता उभे राहून बोलताय की बसून?

मी डब्यावरचा पाय
आवाज न करता बदलला.