पेशी

बाबांच्या डायरीत पेशी म्हणजे तारीख.
ग्वाल्हेरच्या कोर्टात मंगळवारी एक, शुक्रवारी दोन,
लश्करात घरी पोचेपर्यंत तिसरी लागलेली.

माझ्या पुस्तकात तिला कोशिका म्हणतात.
फळणीकर सर मात्र माझ्या टेबलाशी आले की
(वर्गात आम्ही दोघंच मराठी)
हळूच म्हणतात, पेशी.

आज गालाच्या आतून
काडीने जरासं खरवडलं.
काचेवर निळा थेंब.
आधी नुसते बुडबुडे, मग माझीच पापणी,
मग सकाळच्या बेढईचा एक कण
आणि त्याला खेटून त्या:
निळसर, कडा दुमडलेल्या,
मधोमध ठिपका.

"तो केंद्रक. सगळे कागद तिथे."
"आणि भोवतीचं पटल?"
"चपराशी. आत कोणाला सोडायचं, त्यालाच ठाऊक."

वहीत चार काढल्या. नावं हिंदीतच दिली,
मार्क त्याचे.

रात्री चपला काढता काढता बाबा म्हणाले,
पुढची पेशी आता थेट जुलैत.
अकरावं वर्ष या खटल्याचं.

मी जिभेने गाल चाचपला.
खरवडलेल्या जागेखाली कुठेतरी
एकीच्या दोन होत होत्या,
तारीख न घेता.