तीन हात अलीकडे

स्लेटच्या ढिगाऱ्यांमागे, बंद पडलेल्या खाणीच्या वर
एक शिळा आहे, छपरासारखी उतरती.
गावातले सगळे तिला द्रूस म्हणतात,
वेल्शमध्ये त्याचा अर्थ दार.
आत काय आहे ते कुणी सांगत नाही.

मी सतरा वेळा तिथपर्यंत गेले.
सतरा वेळा डावा पाय खाली टेकला,
त्याच जागी. इतका त्याच जागी
की शेवाळात बुटाएवढा खळगा पडलाय.
पाऊस झाला की भरतो,
आणि त्यात वाकून बघितलं
तर ढगसुद्धा अडलेले दिसतात.

गेथिन म्हणतो, ब्रेक सोड.
इद्वाल म्हणतो, लांब बघ, जिथे नजर तिथे चाक.
मला काय हे ठाऊक नाही?
दर शनिवारी शाळेच्या पोरांना मीच शिकवते हे,
आणि तेव्हा माझा आवाज
अजिबात कापत नाही.

गळपट्टीचं हाड मोडलं ते इथे नव्हतंच मुळी.
ते मोडलं सपाट रस्त्यावर, पोस्टासमोर,
हँडलला पावाची पिशवी अडकवलेली असताना.
पण शरीर हा नवशिका पोस्टमन,
त्याला पत्ते वाचता येत नाहीत.
भीती आली,
ती या दारात टाकून निघून गेला.

मग एका मंगळवारी एकटीच गेले.
सायकल बर्चला टेकवली, हेल्मेट काढलं,
आणि शिळेवरून चालत उतरले,
बसत, घसरत, ढुंगण ओलं करत.
मधोमध बसून चीजचं सँडविच खाल्लं.
तळवा फिरवला:
मांजराच्या जिभेसारखी खरखरीत.
आणि मी समजत होते, काच आहे.
एक पांढरी गारगोटीची रेघ, आडवी,
कुणीतरी कधीकाळी मारलेल्या पहारेचं भोक,
भोकात एक कोळी, आपल्या कामात.
लांबी मोजली. साडेपाच सायकली.
बस्, साडेपाच.

वर चढून आले तेव्हा कळलं,
भीती शिळेवर राहतच नाही.
ती राहते तीन हात अलीकडे,
जिथे काही घडत नाही,
नुसती बोटं आवळतात.

म्हणून मी तेवढंच केलं.
यायचं, आणि थांबायचं, ठरवून.
पाय लागला म्हणून नाही,
मी म्हटलं म्हणून.
नऊ वेळा, आणि दर वेळी उजवा पाय.
उजव्याला काही माहीत नव्हतं बिचाऱ्याला,
तो कुठेही टेकायला तयार.

दहाव्या वेळी मागे चाकं वाजली.
मबली, गेथिनची मुलगी, अकरा वर्षांची,
नाक वाहतंय, गुडघ्याला चिखल.
"जाणार आहेस की मी जाऊ?"
कसलाच टोमणा नव्हता त्यात.
दुकानात रांगेत विचारतात ना, तसं.
"जाते," मी म्हटलं.
दूध संपलं म्हणून कुणी उठतं, तशी.

पुढचं चाक खाली गेलं.
मागे सरकलेलं पोट सीटला घासलं,
टायरखालची मातीची कुजबुज थांबली
आणि दगड चर्रकन बोलला.
गारगोटीची रेघ आली, ओळखीची.
कोळ्याची आठवण झाली.
संपलं.

खाली नेच्यांमध्ये एक मेंढी चरत होती.
तिने वर पाहिलं नाही.
मला वाटलं होतं, रडू येईल.
आली ती भूक.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.
पण शनिवारी सगळे होते, ऊन होतं,
इद्वाल बघत होता,
आणि डावा पाय टेकला.
खळग्यात. पाण्यात.
मोजा भिजला.

मी त्याच्यावर रागावले नाही.
अठरा वेळा ज्याने मला धरून ठेवलं
त्याच्यावर काय रागवायचं!
मागे गेले दहा पावलं,
पेडल वर घेतलं,
आणि हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं
त्याच्या रिकाम्या जागेला म्हटलं,
तू बस हं इथेच,
येते मी.