सुटे

कीथलीच्या कडेला, बंद पडलेल्या लोकरीच्या गिरणीत, तळमजल्यावर
आम्ही गाड्या विकतो.
गाड्या म्हणजे, गाडी होऊ शकेल एवढं सामान:
नळ्यांची एक चौकट, फायबरचं अंग सहा तुकड्यांत,
आणि हेडलीने टाइप केलेली चौऱ्याण्णव पानांची पुस्तिका.
तिचं पहिलं वाक्य,
"घाई असेल तर दुसरीकडे जा."

इंजिन गिऱ्हाइकाने आणायचं,
कुठल्यातरी परसात गंजत बसलेल्या जुन्या फोर्डचं.
बावीस वर्षांत इथून एकही पुरी गाडी बाहेर पडली नाही.
'तयार माल' या रकान्यात मी दरवर्षी शून्य लिहिते
आणि बँकेतली ती पोरगी, माझ्या स्वेटरहून वयाने लहान,
दरवर्षी त्या शून्यावर बोट ठेवते.

दोन हजार नऊच्या जानेवारीत फोन वाजायचा थांबला.
मला वाटलं, बिल भरायचं राहिलं.
भरलेलं होतं.

मग चिठ्ठ्या यायला लागल्या.
या महिन्यात फक्त डावा मडगार्ड. उजव्याचं ईस्टरनंतर बघू.
बिजागऱ्या पाठवा, दार नको.
एकाने नुसता बिल्ला मागवला, बॉनेटवरचा,
बॉनेट नसताना.

पंधरा अंशांच्या खाली रेझिन धरत नाही.
हॉल तापवायचा तर अंगापेक्षा ऊब महाग.
मी आमच्या पलंगावरचं विजेचं पांघरूण आणलं,
साच्यावर घातलं, कडा खोचल्या.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय,
पण आमचं अंथरूणच रात्रपाळीला गेलेलं.
आम्ही दोघं मोजे घालून झोपलो.
सकाळी बॉनेट सुटून आलं, स्वच्छ, एकही बुडबुडा नाही.
हेडली म्हणाला, आपल्यापेक्षा बरं झोपलंय.

गेथिनला तीनच दिवस ये म्हणून सांगायचं होतं.
मी शब्द जुळवत होते, तोच तो म्हणाला,
मंगळवार-गुरुवार मी कालव्यावर गळ टाकून बसणार.
त्या कालव्यात मासे नाहीत.

बदकांची घरं केली. तळ्यांचे साचे केले.
मोरकमच्या एका दुकानासाठी केला माणसाहून उंच आइस्क्रीमचा कोन,
गाड्यांसाठी आणून ठेवलेल्या पिवळ्या रंगात.
त्या वर्षीचा सगळा नफा तो कोन.
ट्रेलरवर बांधून नेताना
पोरं हात करत होती, आणि हेडली
स्टिअरिंग धरून समोर बघत होता,
अंत्ययात्रेत बघतात तसा.

फेब्रुवारीत अल्विन रॉडम आला होता, स्कन्थॉर्पहून.
सप्टेंबरात चौकट नेली होती त्याने;
पोलादाच्या कारखान्याने त्याला नोव्हेंबरात घरी बसवलं.
चौकट तशीच, आमच्याच कागदात गुंडाळलेली.
चहा गार होईपर्यंत त्याने विषय काढला नाही.
हेडलीने एकेक जोड बोटाने तपासला,
जणू वेल्डिंग दुसऱ्या कुणाचं होतं,
आणि म्हणाला, पूर्ण पैसे दे याला.
खात्यात होते त्याहून चाळीस पौंड जास्त.
मी लिहिलं. पेन्सिलीने.

चौकट भिंतीवर टांगली. तिच्या नावाची चिठ्ठी कुणी काढली नाही.
तिला दोनदा गिऱ्हाईक आलं, दोनदा हेडलीला
अचानक ऐकू येईनासं झालं.

ऑक्टोबरात रॉडम पुन्हा दारात.
डब्यांच्या कंपनीत रात्रीचं काम लागलं होतं.
हप्त्याने चालेल का, म्हणाला,
आणि टेबलावर पाकीट उलटं केलं:
नोटा तीन-चार, बाकी नाणी,
काही तर अजून पिठाने माखलेली, घरातल्या कुठल्या बरणीतली.
हेडलीने नाणी मोजली नाहीत. उरलेले कधी देशील, तेही विचारलं नाही.
फक्त म्हणाला, बरं झालं,
दुपारपासून सुटे शोधत होतो.

ते गेल्यावर मी वही काढली, रबर घेतलं.
पुसता यावं म्हणून तर पेन्सिल.
पण माझा हात जड.
आकडा गेला, आणि खालच्या तीन पानांवर
तो अजून होता,
बोटाला लागत होता.