हात धुऊन

शिमे, तुझ्या कोबीच्या वाफ्यात
मी पहिलं रोप लावलं. मेलं.
दुसरंही.
पानं कडेनं तांबूस, मग काळी,
चहाच्या चोथ्यासारखी.

मी पाणी वाढवलं. हाडांचा चुरा घातला,
शेडमधल्या त्याच पत्र्याच्या डब्यातला,
ज्यावर तुझ्या अक्षरात आहे:
दोन मुठी, दर शनिवारी.

रोपवाटिकेतली वर्ना, नुंगार, इथलीच,
आली, माती चिमटीत चोळली, वास घेतला.
"किती वर्षं खत घालताय?"
चाळीस, म्हटलं. जरा ऐटीतच.
"मग इथं नको, दिंका.
बँक्सियाच्या मुळांना कण कण वेचायची सवय.
भरल्या ताटानं मरते ती."

चाळीस वर्षं, शिमे.
बोटीतून उतरलो तेव्हा ही वाळू मुठीत घेऊन
तू आपल्या बेटावरची शिवी हासडलीस
आणि म्हणालास, हिची माती करून दाखवतो.
दाखवलीस.
फ्लॉवरचे गड्डे पोराच्या डोक्याएवढे.
तुझी पाठ गेली त्यात.
मला वाटायचं, माया म्हणजे हेच,
ओतत राहणं.

तिसरं रोप कुंपणाबाहेर लावलं,
रस्त्याकडेला, जिथं तुझा हात पोचला नव्हता.
जूनमध्ये, थंडीच्या पावसात.
खड्डा, तीच पांढरी वाळू परत, भोवती दगड.
मग सगळ्यात अवघड काम:
काही न करणं.

पहिल्या उन्हाळ्यापुरती
आठवड्याला एक बादली, वर्नाच्या परवानगीनं.
दुसऱ्या जानेवारीत तीही बंद.
पारा बेचाळीसवर. मी नळी घेऊन
फाटकापर्यंत जायची,
आणि तशीच मागं फिरायची.
तीनच्या सुमाराला समुद्रावरून वारा सुटे
(डॉक्टर म्हणतात त्याला इथं,
फी न घेणारा),
तिची करवती पानं खरखरत.
तेवढ्यावर मी संध्याकाळ काढायची.

यंदा, पाचव्या वर्षी, एप्रिलात
कणीस आलं.
खालून वर उमलतंय, सावकाश,
बुडाशी सोनेरी, शेंड्याला अजून
चंदेरी गुलाबी.
सकाळी एक लांबचोच्या पाखरू
त्यात डोकं खुपसून बसतं,
कपाळ पिवळं करून उडतं.
उपाशी वाळूतून कुठून आणते ही इतका मध,
विचारणार होते वर्नाला.
नाही विचारलं.

कोबीला अजून घालते मी, दोन मुठी, शनिवारी.
तुझा डबा संपत आला की नवा भरते.
फक्त कुंपणाबाहेर जायचं असलं
की आधी नळाखाली
हात धुऊन घेते.