उणे एकतीस

डांबर उन्हाळ्यात निघत नाही.
उन्हाळ्यात ते पटाशीला लोंबतं,
हीटगन धरली तर रडतं,
रॉकेलनं पुसलं तर कोपरापर्यंत चढतं.
म्हणून आम्ही जानेवारीची वाट पाहिली.

लिक्सेलेत काल रात्री उणे एकतीस.
साबचा सांगाडा, सीट नाहीत, काचा नाहीत,
एलोफनं आणि मी ढकलत अंगणात नेला
आणि बर्फात उघडा टाकून झोपायला गेलो.

सकाळी, म्हणजे साडेनऊच्या निळसर उजेडात,
मी आत, गुडघ्यांवर. हातोडीचा पहिला घाव.
थप्प.
दुसरा. तिसऱ्याला तडा गेला
आणि गुळाच्या ढेपेचा कोपरा निघावा
तसा एक तुकडा अख्खा हातात आला.

एलोफ कॉफी घेऊन बाहेर उभा:
"शिवणीपासून चार बोटं मागपर्यंत काढ.
ठिपका जरी राहिला तरी मी टाका मारणार नाही.
बिर्गेरची व्होल्वो आठवते ना?
अर्ध्या तासात नुसता धूर आणि नंबरप्लेट."

खालचा थर कारखान्याचा, सरळ कडांचा.
वरचा बाबांचा:
सौनाच्या छपरातून उरलेला डांबरी कागद,
आईच्या शिवणाच्या कात्रीनं कापलेला.
कात्रीवरून झालेलं भांडण मला आठवतं.

टू-स्ट्रोक गाडी, तीन सिलिंडर,
तव्यावर लाह्या फुटत राहाव्यात तसा आवाज.
आई म्हणायची, ह्यालमार, या गाडीत बोलताच येत नाही.
आठ वर्षं म्हणत होती.
चौऱ्याहत्तरच्या सप्टेंबरात बाबांनी मनावर घेतलं,
शनिवार-रविवार गाडीत पालथं पडून
शांतता चिकटवली.
सोमवारी आम्ही तिघं उमेओला निघालो.
एकशे तीस किलोमीटर. आता बोलता येणार होतं.

मी मागच्या सीटवर, नऊ वर्षांची.
हीटरच्या पंख्याची किणकिण ऐकू आली.
आईच्या हातमोज्याचं बटण ऐकू आलं,
उघड, बंद, उघड, बंद.
गिअर बदलताना बाबांचा सुटणारा श्वास.
वेन्नेस आलं तेव्हा आई म्हणाली,
"पेट्रोल भरायचंय का?"
बाबा म्हणाले, "नको. पुरेल."

तिच्या पायांखालचा तुकडा काढताना
पटाशी एकदम आत गेली.
कागदाखाली पन्नास हिवाळ्यांचं पाणी मुरलं होतं,
बुटांवरून वितळलेलं, रस्त्याचं मीठ घेऊन.
वरून सगळं धड, काळंकुळकुळीत.
भोकातून अंगणातला बर्फ दिसला.
ड्रायव्हरच्या बाजूला कागद पुरला नव्हता बहुतेक.
तिथं पत्रा तसाच, गंज बोटानं पुसला जाईल इतका.

एलोफनं वाकून भोकात बोट घातलं, शीळ घातली.
"ज्यानं चिकटवलंय त्यानं मन लावून चिकटवलंय," म्हणाला.
ही तक्रार होती की आणखी काही,
मी विचारलं नाही.

दोन वाजता, उजेड जाता जाता, तळ उघडा झाला.
बधिर बोटांतून हातोडी निसटली
आणि अख्खी गाडी परातीसारखी वाजली.
पलीकडे नीबर्गांचा कुत्रा भुंकू लागला,
थांबेना.

रात्री शेडमध्ये एलोफ चेहऱ्यावर मुखवटा ओढतो.
माझं काम खाली: उताणं पडायचं,
ओलं फडकं, पाण्याची बाटली,
ठिणगी कुठं रुजते ते बघायचं.
निळा उजेड, करकर, टाका.
निळा उजेड, टाका.
शिवणीच्या घडीत, पटाशी जिथं पोचलीच नव्हती,
एक काळा थेंब फुगला, तडतडला
आणि वास आला: जुलै, बंद काचा,
उघड्या मांड्यांना चिकटणारी सीट,
लिंबाच्या गोळीचा कागद,
पुढे दोन माना, सरळ रस्त्याकडे बघणाऱ्या.

"जळतंय का काही?" वरून एलोफ.

बाटली हातातच होती, झाकण उघडलेली.
"थांब," मी म्हटलं,
"बघते."