दोनशेतली एक

गुरुवार. नळाला पाणी नाही,
म्हणून बादली रात्रीच भरून ठेवली होती.
क्लबच्या मागच्या खोलीत, खडकीच्या अलीकडे,
मी टेबलावर कालचं वर्तमानपत्र पसरते
आणि पिशवी उपडी करते.
दोनशे पुंगळ्या. बत्तीस बोअर. नव्या कोऱ्या.
लग्नघरात वाट्यांची चळत कलंडावी
तसा आवाज.

लोखंडे म्हणतात, "नव्याच आहेत हो, त्यांना काय करायचं?"
बँकेतून निवृत्त झाले, पिस्तूल मात्र सुटलं नाही.
मी म्हणते, नवं भांडंसुद्धा आधी विसळून घेतात.
यावर सदाशिव पेठेतला माणूस गप्प बसत नाही.
ते बसले. रविवारी त्यांची स्पर्धा आहे.

नवं म्हणजे तयार, असं नसतं.
कारखान्यातून पिशवीत, पिशवीतून ट्रकमध्ये,
एकमेकींना ढोसत आलेल्या या.
कुणाचं तोंड चेपलेलं, कुणाचं जरा लांबट,
अंगाला यंत्राचं तेल.
धुते. पंचावर निथळत ठेवते.
मग एकेकीच्या तोंडात पोलादी खुंटी घालून
गोल करून घेते,
कड आतून खरवडते, बाहेरून खरवडते,
एक वळसा, फार तर दीड,
आणि नख फिरवते.
नख अडलं, तर पुन्हा.

हे मला कुणी शिकवलं नाही.
मी वडक्यांची, तांबट आळीतली.
दादा डोळे मिटून
हंड्याच्या तोंडावरून बोट फिरवायचे,
बोट थांबेल तिथे खोट.
दिवसभर मठारणं चालायचं.
आमच्यात कुणी कुणाला हाक मारत नसे,
खांद्याला हात लावायचे.
पन्नाशीच्या आत दादांचे कान गेले.

दारू मी भरत नाही.
ते पेंडसे साहेबांचं काम, परवान्याचं, कुलपाच्या खोलीतलं.
माझ्याकडे येतं ते रिकामं,
जातं तेही रिकामंच,
मधे फक्त जरा गोल होतं.
नणंद विचारते, तिकडे करतेस तरी काय?
भांडी घासते, म्हणते मी.
खोटं नाही.

शेवटी एकेक डोळ्याला लावून
खिडकीकडे बघते.
प्रत्येकीच्या तळाशी उजेडाचा एक ठिपका,
मोहरीएवढा.
ठिपका, बाजूला ठेव. ठिपका, बाजूला ठेव.
मग एक आली आणि आत अंधार.
बुडाला भोकच नाही.
यंत्र पाडायचं विसरलं.
बाहेरून काही कमी नाही तिच्यात,
ठिणगीला आत शिरायची वाट नाही, एवढंच.
म्हटलं, लोखंडे, रविवारी तुमचं पितळ उघडं पडलं असतं.
हसले नाहीत.

वहीत लिहिलं: बाद सहा.
पाच चिरलेल्या, एक ही.
पेंडसे साहेबांना विचारून ही पदरात बांधली.

संध्याकाळी दादांच्या तळहातावर ठेवली.
ब्याऐंशी वर्षांचा हात.
त्यांनी आधी तोंडावरून बोट फिरवलं.
बोट कुठेच थांबलं नाही.
"चिंच लावायचीस," म्हणाले,
ऐकू न येणारी माणसं बोलतात तितक्या मोठ्यानं.
मग पुंगळी खालच्या ओठाला टेकवून
फुंकली.

बाकीच्या वाजत नाहीत.
वारा खालून निसटतो.
खोलीत कुणी नसताना मी करून पाहिलं होतं.

ही वाजली.
अशी की कुंभार वेशीकडचं कुत्रं उठलं,
कर्ड्यांच्या मुलीनं खिडकी उघडून
गल्लीत वर-खाली पाहिलं.
दादांनी पुंगळी खाली घेतली,
उलटी करून बुडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"आला का आवाज?"

मी त्यांच्या खांद्याला हात लावला.