डावा हात

पूर ओसरल्यावर नवव्या दिवशी
फादर इग्नेशियसनी तिला रिक्षात घातलं,
सांगलीहून मिरजेला, माझ्या मांडीवर आडवी,
जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून.
मी कशाला? तर सतारमेकर गल्लीत माझी ओळख,
दस्तगीरचाचांच्या दोन नाती माझ्या हातावर झालेल्या.
मी म्हटलं, फादर, मी तुमच्या देवळातली नाही.
आमच्यात मूर्ती नसते.
माझी आई नाताळ उरकला की
मरियेला गव्हाणीसकट खोक्यात ठेवायची,
वर डांबराच्या दोन गोळ्या.
(हे त्यांना सांगितलं नाही.)

छातीपर्यंत पाणी चढलं होतं तिच्या.
झग्याचा निळा रंग पोपडे धरून सुटलेला,
नाकपुड्यांत कृष्णेचा गाळ,
डावा हात मनगटापासून नाही.
गाळ उपसणाऱ्या पोरांनी तीन दिवस शोधला.
मिळालं काय, तर कुणाचा तरी कुकर, एकच चप्पल,
आणि फुगून फुटलेलं हळदीचं पोतं.
देवळाच्या भिंतीला अजून
गुडघाभर उंचीवर पिवळा पट्टा आहे.

चाचा भोपळा कापत बसले होते.
चादर उलगडली तशी करवत ठेवून
हात धुऊन आले.
"बीबी मरियम," म्हणाले,
नात्यातलं कुणी अवचित दारात आल्यागत.
"पिलास्टर आपल्याला जमत नाही.
तुणीचा करतो. तंबोऱ्याच्या दांडीतला तुकडा उरलाय.
पण हात कसा होता, फादर?"

फादरना आठवेना.
बावीस वर्षं रोज सकाळी तिच्यासमोर उभे,
पण उघडा होता की मिटलेला,
देत होता की थांब म्हणत होता,
काही केल्या आठवेना.
चष्मा काढून पुसत बसले.

चाचा लाकूड तासत सांगू लागले.
आमच्यात सांगतात, एकटीच होती ती.
ना सुईण, ना माय, ना कोण.
खजुरीच्या बुंध्याला पाठ लावली
आणि कळ आली तशी म्हणाली,
ह्याच्या आधीच मेले असते तर बरं झालं असतं.

माझा चहा निवला.
आम्ही लहानपणापासून ऐकलं ते एवढंच,
तिला मुलगा झाला, तिनं त्याला बाळंत्यात गुंडाळलं.
दर नाताळात वाटायचं,
ह्याच्या आधीचं पान कुणी फाडलं?
एकोणतीस वर्षं रात्रपाळी.
तीन वाजता, साडेतीनला,
बेडगची, म्हैसाळची, आरगची,
पहिलटकरीण असो की चौथ्या खेपेची,
हेच वाक्य, शब्दाला शब्द.
मेले असते तर बरं झालं असतं गं सिस्टर.
आणि मी म्हणणार, मरत नाहीस. धर. जोर लाव.
हात माझाच धरतात.
एरंडोलीच्या सुंद्राबाईनं तर ह्या अंगठ्याचं
कायमचं वाकडं करून ठेवलं.
तिचा मुलगा आता एसटीत कंडक्टर आहे,
तिकीट घेतो माझ्याकडून, ओळखत नाही.

चाचांनी मान वर केली.
"सिस्टर, तुमचा हात दावा की जरा."

हात थोडा थोराडच झाला.
जपमाळेच्या बायका कुजबुजल्या,
हा तर भांडी घासणारीचा दिसतो.
रंग द्या म्हणाले सगळे. चाचा म्हणाले,
लाकूड अजून ओल सोडतंय, दिवाळीनंतर बघू.
दिवाळी गेली, नाताळ गेला,
एक हात गोरा, एक तपकिरी,
तपकिरीचा अंगठा किंचित बाहेर.

मी गेले एकदा, मधल्याच वारी,
ड्यूटीवरून परस्पर, देवळात कुणी नव्हतं.
वाकले नाही. आई कबरीतून बघत असते.
नुसती जवळ गेले,
आणि सवयीनं दोन बोटं तिच्या मनगटावर पडली,
दुसऱ्या हातानं छातीवरचं घड्याळ उचललं,
आणि अर्धा मिनिट
तशीच उभी राहिले.